घुंगरांची काठी

मामांनी पहिल्याच दिवशी माझ्या हातात एक काठी दिली आणि मी ती त्यांना परत केली. बांबूची, माझ्या खांद्याला लागेल एवढी. वरच्या टोकाला बैलाच्या जुन्या घुंगुरमाळेतली तीन घुंगरं तारेने करकचून बांधलेली. पाऊल टाकलं की छन्‌ वाजायचं. मला अस्वल बघायचं होतं आणि हा माणूस माझी वरात काढून मला जंगलाकडे न्यायला निघाला होता.

"आवाजानं पळून नाही का जाणार ते?"

"पळालंच पाह्यजे," मामा म्हणाले.

ही २०१८ च्या हिवाळ्यातली गोष्ट. त्याच वर्षी बँकेने बदली करून मला बुलडाण्याला आणलं. साखर वाढलेली होती, डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं आणि गावातल्या गावात चालण्याचा मला महिनाभरात कंटाळा आला. बुलडाणा घाटावर, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या काठावर. खामगावला उतरायचं तर बोथ्याच्या घाटाने जावं लागतं आणि तो रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो. २०५ चौरस किलोमीटरचं जंगल. साग, सालई, धावडा, उन्हाळ्यात सगळं खडखडीत वाळणारं. शाखेतल्या एकाने पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "मॅडम, इथे वाघबिघ नाही. इथे अस्वलं."

मामा वनखात्यातून वनमजूर म्हणून निवृत्त झालेले. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला आमच्या शाखेत आले, तेव्हा मशीनवर त्यांच्या बोटाचा ठसा उमटेना. जन्मभर कुऱ्हाड आणि विळा धरून बोटांच्या रेघाच पुसल्या होत्या. चारदा बोट ठेवून झालं, दहाही बोटं करून झाली. मशीनच्या मते मामा हयात नव्हते. शेवटी मी कागदावर दाखला करून घेतला, आणि त्या अर्ध्या तासात अस्वलांचा विषय निघाला. अभयारण्याच्या हद्दीला लागून त्यांचं तीन एकर शेत आहे. "या एखांद्या रविवारी," म्हणाले.

आत अभयारण्यात पायी फिरायची परवानगी नसते, आणि नसावीच. आमची वाट हद्दीबाहेरची. मामांच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून निघायचं, ई-क्लासची, म्हणजे सरकारी चराईची पडीक जमीन ओलांडायची, मग एक कोरडा नाला, नाल्याच्या अंगाने दोन किलोमीटर, आणि शेवटी एक टेकाड. जाऊन-येऊन नऊ किलोमीटर. रविवार आणि बँकेचे दुसरा-चौथा शनिवार. पावसाळ्यातले चिखलाचे आठवडे, लॉकडाउन आणि माझं दुखणं वजा जाता सहा वर्षांत ३४० फेऱ्या झाल्या. वहीत तारखा आहेत. अस्वल दिसलं सतरा वेळा.

तेव्हा हिशेब सरळ आहे. हे अनुभवकथन अस्वलं बघण्याचं म्हणायचं, पण त्यातल्या ३२३ फेऱ्यांना अस्वल नव्हतं. म्हणजे असायचं, दिसायचं नाही.

पहिलं वर्ष विष्ठेत गेलं. हसू नका. अस्वल काय खातं, कुठे फिरतं, गेल्या आठवड्यात कोणत्या झाडाखाली होतं, हे सगळं त्या ढिगात लिहिलेलं असतं आणि मामा ते वर्तमानपत्रासारखं वाचायचे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सीताफळाच्या काळ्या चकचकीत बिया. थंडीत बोराच्या आठळ्या, ढीगच्या ढीग. उन्हाळ्यात टेंभरं, उंबर, बहाव्याच्या शेंगांच्या बिया, मग जांभूळ. आणि बारा महिने उधई. उधई म्हणजे वाळवी. इकडे वाळवी कोणी म्हणत नाही. उधईच्या दिवसांतली विष्ठा मातकट असते, काडीने उकलली तर त्यात उधईची बारीक तांबूस डोकी दिसतात, मोहरी सांडावी तशी.

एकदा मी धुऱ्यावरच्या ढिगातल्या बहाव्याच्या वीस बिया घरी आणल्या. धुवायला चहाची जुनी गाळणी घेतली, आणि ती जुनी नव्हती हे मला नंतर कळलं. त्यावरून घरात जे झालं ते इथे सांगत नाही. वीस बिया त्या, आणि वीस बिया थेट शेंग फोडून काढलेल्या, अशा दोन कुंड्यांत लावल्या. अस्वलाच्या पोटातून आलेल्या वीसपैकी नऊ उगवल्या. शेंगेतल्या वीसपैकी एक. बहाव्याच्या बीचं कवच फार टणक असतं; अस्वलाच्या पोटात ते मऊ पडतं. चाळीस बियांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, पण माझ्या गच्चीवर सिद्ध झालं.

पावलांचे ठसे ओळखायला त्यामानाने सोपे. मागचा पाय पाहिला तर क्षणभर वाटतं, अनवाणी पोरगं चालत गेलंय. टाच, तळवा, पाच बोटं. पण बोटं माणसासारखी उतरत्या क्रमाने नसतात, जवळजवळ एका रेषेत असतात, आणि पुढच्या पायाच्या ठशात बोटांपासून चांगली दोन-तीन इंच पुढे नखांची भोकं पडलेली असतात. अस्वलाला नखं मांजरासारखी आत घेता येत नाहीत. तीच त्याची कुदळ. उधईच्या वारुळाला आम्ही बाहेरून दगड मारला तरी दगड टणकन उडतो. अस्वल ते ताजी भाकरी मोडावी तसं मोडतं.

ते खाताना कसं खातं, हे मी आधी ऐकलं आणि मग वर्षभराने पाहिलं. ऐकलं तेव्हा वाटलं, जवळपास कुणाची तरी मोटार बिघडलीय. भुस्स... भुस्स... मग लांबलचक फुर्र. मामांनी हात आडवा धरून थांबवलं. नाल्यापलीकडे, शंभरेक मीटरवर, झुडपांत. दिसलं काहीच नाही. मामांनी कुजबुजत समजावलं. भोकात तोंड घालून आधी फुंकर मारते, माती उडवते. मग नाकपुड्या मिटून घेते, ओठांची नळी करते आणि उधई आत ओढते. वरचे मधले दोन दात त्याला नसतातच, तिथे फट असते, त्या फटीतून. आपल्याकडच्या अस्वलाची ही खास बनावट आहे. हिमालयातल्या अस्वलांना असे ओठ नाहीत. मी घरी येऊन व्हॅक्यूम क्लीनर लावून बघितला. अगदी तोच आवाज नाही, पण चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही.

आता काठीकडे येते. त्या पहिल्या वर्षात मी काठी घेत नव्हते, ती मामांच्या हातात असायची. मला ते छन्‌छन्‌ सहन व्हायचं नाही. मी पुस्तकं वाचून आलेली. जंगलात दबक्या पावलांनी चालायचं, बोलायचं नाही, रंगीत कपडे नकोत, ही माझी शिस्त. त्यात मामांचा आणखी एक नियम होता, तो मला त्याहून जाचायचा. सकाळी नाल्यात ऊन उतरल्याशिवाय निघायचं नाही. म्हणजे थंडीत आठ वाजायचे. अस्वल हिंडतं रात्री, पहाटे आणि सांजेला. म्हणजे ज्या वेळेला दिसायची शक्यता, नेमकी तीच वेळ मामा टाळणार. हे म्हणजे मोर बघायला जायचं आणि पाऊस थांबेपर्यंत घरात बसायचं.

"ताई, अस्वलाले दिसते कमी," मामा सांगायचे. "वास मातर लय लांबून घेते. पन वारा उलटा असला का वासबी नाई. मंग ते मुंडकं खाली घालून खनत राह्यते आन्‌ आपुन जाऊन पडतो त्याच्या अंगावर. त्याले वाटते, मारालेच आला. त्याले आधी माहीत पाह्यजे का आपुन हाओ. मंग ते आपल्या वाटनं, आपुन आपल्या."

ऐकलं सगळं. पटलं मात्र नाही.

२०१९ च्या डिसेंबरात टिपेश्वर अभयारण्यातला वाघ चालत चालत ज्ञानगंगेत आला. गळ्यात रेडिओ कॉलर, दोन राज्यांतून तेराशे किलोमीटरांहून जास्त चाललेला. त्याचं नाव 'वॉकर' पडलं. बुलडाण्यात पानटपरीवर, बँकेच्या रांगेत, सगळीकडे वाघ. इतकी वर्षं इथे असलेल्या अस्वलांना कोणी विचारेना. मला त्याचा थोडा रागच आला होता, आणि त्या रागातच मी २०२० च्या फेब्रुवारीत एक मूर्खपणा केला. एका रविवारी मामा लग्नाला मेहकरला गेले होते. मी एकटी, पावणेसहाला, मऊ तळव्याचे बूट घालून, काठीशिवाय नाल्यात उतरले. गळ्यात कॅमेरा.

नाल्याला एक वळण आहे, तिथे करंजाची जाळी आहे. वळण घेतलं आणि पुढे पंधरा पावलांवर एक काळा ढीग होता. ढिगाच्या पाठीवर आणखी दोन छोटे ढीग. मला ते कळायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ती वळली होती. पांढुरकं तोंड, छातीवर पिवळट पांढरी खूण, कारण ती मागच्या पायांवर उभी राहिली. तिच्या पाठीवरचं एक पिल्लू घसरून खाली पडलं. मग ती चार पायांवर आली आणि माझ्याकडे धावली. आवाज कसला होता ते मला आजही नीट सांगता येत नाही. ओरडणं आणि खोकणं यांच्या मधलं काहीतरी. मी मागे सरकले, दगडावरून पाय सटकला आणि डाव्या हातावर पडले. मनगटात काडी मोडावी तसं झालं.

ती पाच-सहा पावलांवर थांबली. ओल्या गोणपाटासारखा वास आला, हे मात्र पक्कं आठवतं. फुसफुसली, मागे वळली, खाली पडलेल्या पिल्लाने तिच्या कुशीचे केस धरून पाठीवर चढाई केली, आणि त्या दोघांना घेऊन ती समोरची दरड चढून गेली. सगळं मिळून अर्धं मिनिटही नसेल. कॅमेऱ्याचं झाकण काढलेलंच नव्हतं.

एका हाताने मोबाईल काढून, दरडीवर चढून, रेंज मिळवून मी कुणाकुणाला फोन केले ते रडगाणं सोडते. संध्याकाळी मामा मेहकरहून परस्पर दवाखान्यात आले. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते खुर्चीवर बसले, प्लास्टरकडे पाहिलं आणि विचारलं, "वारा कुठून होता?"

मी आठवून पाहिलं. तोंडावर येत होता.

"मंग बरोबर," मामा म्हणाले. "आवाज नाई, वास नाई. एकदम समोर. पोटाशी लेकरं. ती काय करन बिचारी?"

बिचारी ती! मी हात गळ्यात बांधून बसलेली, आणि बिचारी ती.

प्लास्टर निघायच्या आतच लॉकडाउन लागला, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळाला. फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या तेव्हा मी न बोलता काठी घेतली.

आमच्या वाटेवरच्या गावात चहाच्या टपरीवर एक गृहस्थ बसायचे. डावा डोळा नाही, गालापासून कपाळापर्यंत टाक्यांची शिवण. अस्वल हल्ला करतं ते बहुधा तोंडावर आणि डोक्यावर, नखांनी आणि दातांनी. मी त्यांच्याकडे बघायचं टाळायचे, आणि ते मात्र माझ्या दुर्बिणीकडे रोखून बघायचे. एक दिवस त्यांनीच विषय काढला. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं, लाईन रात्रीची, बारानंतर येणारी. मोटर सुरू करायला गेले. धुऱ्यावर बोर आहे, तिच्याखाली अस्वल बोरं खात होतं. बॅटरी होती, पण बॅटरीचा उजेड पायापुरता.

"तुमाले पाहाले गोड लागते," ते म्हणाले. "हप्त्यातून एक डाव येता, दुर्बीण लावता, जाता. म्या रोज जातो त्या वावरात." मग चहाचा घोट घेऊन पुढे म्हणाले, "भेटलं तुमचं अस्वल तं त्याले सांगजा, लाईन दिवसाची दे म्हना."

टपरीवरचे सगळे हसले. मीही हसले आणि नंतर नाल्यापर्यंत मामांशी एक शब्द बोलले नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाइतकंच संरक्षण. कायद्यात त्या माणसाच्या बोरीखालच्या रात्रीची अनुसूची नाही. त्यांचा अस्वलावरचा राग मला काढून टाकता येणार नाही, आणि तो काढायचा मला काही हक्कही वाटत नाही. त्यांच्या शेताच्या धुऱ्यावर मात्र मी एक गोष्ट करू शकत होते, ती केली. गावातल्या पाच-सहा जणांना घुंगरं आणून दिली. त्यांनी घेतली. वापरतात की पोरांच्या खेळात गेली, माहीत नाही. ते गृहस्थ म्हणाले, "म्या मोबाईलवर भजनं लावतो. मोठ्यानं." ते जास्त चांगलं.

तर काठी घेऊन चालायला लागल्यावर वाटेत अस्वल दिसणं बंद झालं, जसं मामांना हवं होतं. आणि टेकाडावर दिसायला लागलं. सतरापैकी अकरा वेळा टेकाडावरून.

टेकाडाची गंमत अशी की ते नाल्याच्या पूर्वेला आहे आणि समोर नाल्यापलीकडे एक उघडी उतरण आहे, दीडशे-दोनशे मीटरवर. उन्हाळ्यात वारा पश्चिमेचा. म्हणजे तिकडचा वास आमच्याकडे, आमचा वास मागे. काठी आडवी ठेवायची, घुंगरं रुमालात गुंडाळायची आणि दगडाला पाठ लावून बसायचं. चार वाजता चढायचं, सव्वासहाला उतरायला सुरुवात करायची, काही दिसो न दिसो. नाल्यात अंधार पडायच्या आत मामांच्या शेतात पोचायचं, हा नियम अजूनही तसाच. दोनदा असं झालं की सहा दहाला अस्वल बाहेर आलं आणि सव्वासहाला मामा उठले. उठले म्हणजे उठले.

तिथून पाहिलेल्यात सगळ्यात जास्त वेळ पाहिलं ते बहुधा एकाच मादीला. बहुधा म्हणते, कारण अस्वलं ओळखू येतात असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. हिच्या उजव्या कानाला खाच होती, एवढंच. एका वर्षी तिच्याबरोबर एकच पिल्लू. पिल्लू पाठीवर बसतं कुठे, तर खांद्यांच्या मागे, जिथे केस सगळ्यात लांब असतात, तिथे तोंड खुपसून. दोन असतात तेव्हा दुसऱ्याला मागची जागा मिळते, आणि मागचं सारखं घसरतं. जगातल्या इतर अस्वलांची पिल्लं अशी नेमाने पाठीवर फिरत नाहीत. आपल्या देशात, वाघ-बिबट्यांच्या राज्यात, झाडावर चढून सुटका होत नाही, बिबट्याही चढतोच. मग आईच्या पाठीसारखी जागा नाही. पिल्लू खाली उतरायचं, आई उकरत असलेल्या खड्ड्यात तोंड घालायचं, आई ढुशी मारून बाजूला सारायची, ते पुन्हा यायचं. माझ्या आजोळी पुरणाच्या पातेल्याभोवती हेच चालायचं.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून होणाऱ्या निसर्गानुभवालाही एकदा गेले. रीतसर नोंदणी करून, पाणवठ्याकाठी, संध्याकाळपासून सकाळपर्यंत. रानडुकरं, सायाळ, दोन नीलगायी. अस्वल रात्री पावणेतीनला आलं असावं. पाणी पिण्याचा आवाज आला, चंद्र नेमका ढगात होता. नोंदवहीत 'आवाज' असं लिहिलं. डास मात्र मनापासून मोजले असते तर विक्रम झाला असता.

आता मामांचा गुडघा धरतो. नाल्याचे दगड त्यांना झेपत नाहीत, पण गेल्या मे महिन्यात हट्टाने आले. त्या दिवशी खाचवाली आली, एकटी. साडेपाचला उतरणीच्या मध्यावर एका वारुळापाशी थांबली आणि चाळीस मिनिटं हलली नाही. आवाज इकडे स्पष्ट येत होता. भुस्स, भुस्स, फुर्र. मध्येच मान वर करून वाऱ्यात नाक फिरवायची, पुन्हा खाली. मामांचे डोळे आता अधू झालेत, दुर्बिणीतून त्यांना काळा ठिपकाच दिसत होता, म्हणून ते दुर्बीण माझ्याकडे देऊन डोळे मिटून ऐकत बसले. "आता मोठ्या घरट्यात पोचली," असं एकदा म्हणाले. आवाज बदलला होता खरा; मला त्यांनी सांगितल्यावर कळलं.

ती गेली ती वर, अभयारण्याच्या बाजूला. आम्ही घुंगरं मोकळी केली, वाजत खाली उतरलो आणि मामांनी स्वतःच नाला ओलांडून वारुळाकडे जायचं म्हटलं. एवढं कधी करत नाहीत. खड्डा ताजा होता. मी काठी उलटी करून आत सोडली, ती कोपरापर्यंत आत गेली. कडेवर नखांच्या चार खोल रेघा होत्या. आतल्या भिंतीवरून उधई बाहेर पडत होती आणि फुटलेल्या कडेवर ओल्या मातीचे कण आणून लावत होती. एका बाजूला बोटभर रुंदीची नवी, काळसर कड तयारही झाली होती.

मामांनी वाकून ती बोटाने चाचपली. बोटाला लागलेली ओली माती धोतराला पुसली आणि सहा पंचवीस झाले म्हणून मला पुढे घातलं.